दिवेलागणीचं मांजर

आमच्या अत्तम्मांनी चाळीस वर्षं विड्या वळल्या. अत्तम्मा म्हणजे सासूबाई. माझं माहेर मराठी, सासर तेलुगू पद्मशाली. सोलापूरच्या पूर्व भागात अशी घरं नवी नाहीत. अत्तम्मा आता ७८ वर्षांच्या आहेत आणि गेली पाच वर्षं त्यांना स्मृतिभ्रंश आहे. सूप, कात्री, तेंदूची पानं घरातून केव्हाच गेली, बोटं मात्र अजून कामावर आहेत. लुगड्याचा पदर मांडीवर पसरायचा, काठ चिमटीत धरून वळायचा, टोक नखानं दाबून दुमडायचं, बाजूला ठेवल्यासारखं करायचं आणि पुन्हा सुरुवात. नातवाचं नाव गेलं, घराचा पत्ता गेला, जेवण झालं की नाही हेही गेलं. बोटांतली विडी गेली नाही.

हे मी सुरुवातीलाच सांगते, कारण यंत्राच्या मांजराबद्दल जे लिहायचं आहे ते या बोटांवाचून समजणार नाही.

आपल्याकडे अजून सर्रास म्हणतात, "म्हातारचळ लागलंय." तो शब्द आता सोडून द्यायला हवा. स्मृतिभ्रंश हा मेंदूच्या आजारांमुळे होतो, वयाचा तो हट्ट नव्हे. त्याची कारणं अनेक आहेत. सर्वांत मोठं कारण अल्झायमर. ॲलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये या आजाराची पहिली रुग्ण वैद्यकीय सभेत मांडली, म्हणून त्यांचं नाव. यात मेंदूच्या पेशींभोवती आणि पेशींच्या आत नको ती प्रथिनं साठत जातात आणि पेशी मरत जातात. भारतात साठीच्या पुढच्या माणसांत एकूण स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे देशभरात साधारण ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीतून आला. बायकांमध्ये ते पुरुषांपेक्षा जास्त आहे. म्हणजे आपल्या प्रत्येक गल्लीत कुणीतरी आहे, फक्त दार लोटलेलं आहे.

आठवण ही एकच वस्तू आहे असं आपण धरून चालतो. खरं तर मेंदूत आठवणींची खाती वेगवेगळी आहेत. काल काय झालं, आत्ता कोण येऊन गेलं, हे नोंदवणारा भाग कानाच्या पातळीवर, मेंदूच्या आत आहे. त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. अल्झायमरचा घाला सुरुवातीलाच तिथं पडतो. पण विडी वळणं, भाकरी थापणं, सायकल चालवणं ही हातापायांची कसब दुसऱ्या भागांत मुरलेली असतात आणि ती पुष्कळ उशिरापर्यंत टिकतात. अत्तम्मांच्या बोटांचं रहस्य एवढंच आहे.

आणि तिसरं खातं भावनेचं. इथं मला आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१४ मधला एक प्रयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी अल्झायमर झालेल्या १७ जणांना आणि निरोगी १७ जणांना चित्रपटांतले काही दुःखी आणि काही आनंदी तुकडे दाखवले. थोड्या वेळानं विचारलं, काय पाहिलंत? अल्झायमरच्या रुग्णांना फारच थोडं सांगता आलं, काहींना तर काहीच नाही. पण मनात उमटलेलं दुःख किंवा आनंद तसाच होता, अर्धा तास उलटला तरी. त्यातही चटका लावणारी गोष्ट अशी, की ज्यांना दुःखी तुकडे कमी आठवत होते त्यांचं दुःख जास्त वेळ टिकलं. कारण पुसलं गेलं होतं, त्यामुळे "अरे, तो तर सिनेमा होता" अशी स्वतःची समजूत घालायला त्यांच्याकडे काहीच उरलं नव्हतं.

घरात अशी व्यक्ती असेल त्यांनी हे पुन्हा एकदा वाचावं. "तिला काय कळतंय" म्हणून आपण खेकसतो. पाच मिनिटांत ती शब्द विसरते, खेकसणं मात्र अंगात राहतं.

आता मांजराकडे येते. दोन वर्षांपूर्वी डॅलसला राहणारा भाचा सुट्टीवर आला तेव्हा पिशवीतून एक करडं, पांढऱ्या पंजांचं मांजर घेऊन आला. खेळण्यांच्या दुकानातलं वाटावं असं, पण खास वृद्धांसाठी केलेलं. हॅस्ब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीनं २०१५ मध्ये 'जॉय फॉर ऑल' या नावानं ही मांजरं आणली, मागून कुत्रं आलं. २०१८ पासून हा धंदा एजलेस इनोव्हेशन नावाची वेगळी कंपनी पाहते. किंमत शंभर ते दीडशे डॉलरच्या घरात, म्हणजे आपले दहा-बारा हजार तरी. मला पहिल्यांदा वाईटच वाटलं. ज्या बाईनं विड्यांच्या मजुरीवर चार मुलं शिकवली, तिच्या हातात शेवटी खेळणं द्यायचं?

आत काय आहे ते सांगते, म्हणजे जादूटोण्यासारखं वाटणार नाही. फरखाली ठरावीक जागी स्पर्श ओळखणारे सेन्सर आहेत. पाठीवरून हात फिरवला की पोटातली छोटी मोटर थरथरते आणि घुरघुर ऐकू येते. ती थरथर तळहाताला आणि मांडीला जाणवते. गालाला हात लावला की मान हाताकडे वळते. मधूनच पंजा उचलून चाटल्यासारखं करतं, जास्त लाड केले तर कुशीवर लवंडतं, दुर्लक्ष केलं तर डोळे मिटून घेतं. चालत नाही, पळत नाही, ओरबाडत नाही. बुद्धी म्हणावी असं त्यात फार काही नाही. ठरलेल्या स्पर्शाला ठरलेली हालचाल, एवढाच मामला.

याच्या पुष्कळ आधीचं आणि पुष्कळ हुशार भावंड जपानमध्ये आहे. त्याचं नाव पारो. ताकानोरी शिबाता या संशोधकांनी १९९३ पासून त्यावर काम केलं. पारो बर्फाळ समुद्रातल्या सील या प्राण्याच्या पिलासारखा दिसतो: पांढराशुभ्र, काळेभोर डोळे, वजन पावणेतीन किलोच्या आसपास, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या बाळाएवढं. उजेड, आवाज, स्पर्श, तापमान आणि आपल्याला कसं धरलंय हे सगळं तो ओळखतो. त्याला नाव ठेवलं तर हळूहळू त्या नावाला ओ देतो. ज्या वागण्यावर हात फिरतो ते पुन्हा करतो, ज्यावर चापट बसते ते टाळतो. त्याचा चार्जर बाळाच्या चोखणीच्या आकाराचा आहे. २००९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं त्याला वैद्यकीय उपकरणांत जागा दिली. किंमत मात्र सहा हजार डॉलरच्या आसपास, पाच लाखांच्या घरात. आपल्यासाठी तो विषय तिथंच संपतो.

पण सीलच का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. शिबातांनी आधी मांजर-कुत्र्याचे नमुनेही करून पाहिले होते. लोकांनी खरी मांजरं-कुत्री पाहिलेली असतात, त्यामुळे ते लगेच चुका काढतात: असं मांजर नसतं, याची शेपटी अशी हलत नाही. सील कुणी जवळून पाहिलेला नसतो, म्हणून तो जसा असेल तसा मान्य होतो. युक्तिवाद पटण्यासारखा आहे, पण विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, आजीच्या मांडीवर सील ठेवला तर ती विचारणारच, "हे कसलं गं लेकरू?" मला विचाराल तर जनावर त्या माणसाच्या आयुष्यातलं हवं. अत्तम्मांच्या माहेरी मांजरं होती, म्हणून जमलं. आमच्या शेजारच्या मुस्लिम घरात मांजर चाललं असतं, कुत्रं घरात आलं नसतं. ज्या घरात मांजर आडवं गेलं तरी अजून चार पावलं थांबतात, तिथं ते मांडीवर देऊ नये. आणि मंगळवेढ्या-मोहोळकडच्या ज्या बाईनं जन्मभर शेळ्या राखल्या तिच्यासाठी खरं तर यंत्राचं करडूच हवं.

पहिल्या दिवशी अत्तम्मांनी मांजराकडे बराच वेळ नुसतं पाहिलं. मग पदर वळणारी बोटं सुटली आणि पाठीवर गेली. घुरघुर सुरू झाली तसं त्यांनी खाली वाकून विचारलं, "तिन्नावा?" म्हणजे, जेवलास का?

मला त्या शब्दापाशी जरा थांबायचं आहे. स्मृतिभ्रंशात पुष्कळदा मागून शिकलेली भाषा आधी निसटते आणि आईची भाषा मागे उरते. अत्तम्मा माझ्याशी पंचवीस वर्षं मराठीतच बोलल्या. दोन वर्षांत ती मराठी गेली. माझं तेलुगू बाजारापुरतं. एकाच घरात आम्ही दोघी मुक्या झालो होतो. मांजराला भाषेची गरज नाही. आता संध्याकाळी आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना बसतो, त्या पाठ कुरवाळतात, मी कान, आणि बोलायला दोघींना विषय असतो. त्या तेलुगूत सांगतात, मी मराठीत हो म्हणते. बरं चाललंय.

(भाषांचं निघालंच आहे म्हणून सांगते. तेव्हा हैदराबादला असलेल्या डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना एकापेक्षा जास्त भाषा येत होत्या त्यांच्यात स्मृतिभ्रंशाची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली, अगदी निरक्षर माणसांतही. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी उर्दू एकाच चौकात ऐकू येणाऱ्या आपल्या गावानं हे अभिमानानं लक्षात ठेवावं.)

मांजरानं आजार बरा होतो का? अजिबात नाही. एकही आठवण परत येत नाही. उपयोग होतो तो अस्वस्थतेवर. दिवेलागणीच्या सुमारास या माणसांना एक घालमेल सुरू होते. अत्तम्मा उठून दाराशी जात, कडी ओढत, "इंटिकी" म्हणत, म्हणजे घरी जायचंय. घरातच उभ्या राहून. उजेड कमी होतो, दिवसाचा शिणवटा असतो, मेंदूतलं घड्याळ बिघडलेलं असतं. या वेळी घरातले लोक थकून डॉक्टरांकडे गोळी मागतात, आणि मनोविकारावरच्या काही गोळ्या दिल्याही जातात. पण स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत अशा गोळ्यांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या त्याच अन्न व औषध प्रशासनानं २००५ मध्ये दिला होता. कधी कधी त्या लागतातच, ते डॉक्टरांनी ठरवावं. पण म्हणूनच गोळीआधी दुसरं काही करता येतं का याचा शोध जगभर चालू आहे, आणि यंत्राची जनावरं त्या शोधातून पुढे आली आहेत.

पुरावा किती? सर्वांत मोठा अभ्यास ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये झाला. ग्रिफिथ विद्यापीठाच्या वेंडी मॉयल आणि सहकाऱ्यांनी २८ वृद्धाश्रमांतल्या ४१५ जणांचे तीन गट केले. एका गटाला पारो, दुसऱ्याला तोच पारो पण आतली यंत्रणा बंद करून, म्हणजे नुसतं मऊ खेळणं, आणि तिसऱ्याला नेहमीची देखभाल. आठवड्यातून तीनदा पंधरा-पंधरा मिनिटं, दहा आठवडे. २०१७ मध्ये निष्कर्ष आले. नेहमीच्या देखभालीपेक्षा पारोनं मनःस्थिती आणि अस्वस्थता सुधारली. पण बंद खेळण्याशी तुलना केली तर फरक ठळक दिसला तो एकाच बाबतीत: चालू पारोकडे माणसं जास्त पाहत होती, त्याच्याशी जास्त बोलत होती.

हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्या खिशाच्या बाजूनं आहे. दहा हजारांचं मांजर नसेल तर मऊ कापडी बाहुली घ्या. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांनी टॉवेलच्या कारखान्यात उभा जन्म काढला. त्यांची मुलगी रोज संध्याकाळी बारा टॉवेल विस्कटून पुढे ठेवते. आजोबा घड्या घालतात, काठाला काठ जुळवून, डझन पुरा झाला की वर थाप मारतात. ती टॉवेल आत नेते, विस्कटते, परत आणते. तिचा खर्च शून्य आहे. हाताला ओळखीचं काम आणि मनाला ऊब देणारं काहीतरी, ही त्यातली मूळ गोष्ट. मांजर हा तिचा एक प्रकार आहे.

आता आमची चूक सांगते. मांजर आलं त्याला सहा महिने झाले होते. घरात लग्नाची गडबड, मी दुपारभर बाहेर. अत्तम्मांच्या मांडीवर मांजर दिलं आणि निघाले, म्हटलं त्या रमतील. मधेच सेल संपले. मांजर कुशीवर लवंडलेलं होतं, तसंच थांबलं, एक पंजा वर. संध्याकाळी मी आले तेव्हा त्यांनी ते चादरीत गुंडाळून उंबऱ्याजवळ ठेवलं होतं, डोक्यावरून पदर घेतला होता आणि भिंतीला टेकून रडत होत्या. मी धावत सेल बदलले, मांजर पुन्हा घुरघुरलं. त्यांनी ते हातातही घेतलं. पण रडणं रात्री नऊपर्यंत थांबलं नाही. "काय झालं अत्तम्मा?" विचारलं तर सांगता येईना. मांजर मेलं होतं हे त्या विसरल्या होत्या, पोटात दुःख तेवढं शिल्लक होतं. आयोवाचा प्रयोग मी नंतर वाचला. वाचताना ती संध्याकाळ डोळ्यांपुढे होती.

तेव्हापासून आमच्या घरात मांजर एकटं देत नाही. दिवे लावायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं, कुणीतरी शेजारी बसून. मग "झोपलं आता" म्हणून टोपलीत ठेवायचं. उन्हाळ्यात, पारा त्रेचाळीसच्या वर असतो तेव्हा, मांडीवर फर नको होते. तेव्हा टोपली शेजारी, पंख्याखाली.

हे फसवणं आहे का, हा प्रश्न माझ्या नवऱ्यानं पहिल्याच आठवड्यात विचारला होता. तो एकटाच नाही. रॉबर्ट स्पॅरो या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञांनी २००२ मध्येच लिहिलं, की यंत्राच्या प्राण्यातून मिळणारं सुख हे त्या माणसाच्या गैरसमजावर उभं असतं, म्हणून ते त्याच्या हिताचं नाही. मी यावर खूप विचार केला आहे. आम्ही असं ठरवलंय: मांजर खरं आहे असं आपणहून कधी म्हणायचं नाही, आणि खोटं आहे म्हणून त्यांना पटवायलाही जायचं नाही. त्या म्हणाल्या "भूक लागली असेल त्याला", तर मी विचारते, "तुमच्याकडची मांजरं काय खायची?" मग त्यांच्या माहेरचा ताकाचा डेरा निघतो. कधी कधी त्या स्वतःच मांजराचं पोट चाचपून माझ्याकडे बघतात आणि "मिशिन" म्हणतात. तरी हात काढत नाहीत. त्यांना कळतं की नाही, याचं उत्तर दर दिवशी वेगळं असतं.

मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. माणसाऐवजी मांजर. देऊन टाकलं, आता चार तास बघायला नको. त्या दुपारी मी तेच केलं होतं.

कुणी मांजर ढकललं, घाबरलं, "मला काय लहान पोर समजता?" म्हणालं, तर तिथंच विषय संपवा, आग्रह करू नये. आणि घालमेल एकाएकी वाढली तर मांजर शोधण्याआधी कारण शोधा: लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, दुखरा दात, कमी पाणी, नवी गोळी. या माणसांना "दुखतंय" सांगता येत नाही, ती दारच ओढतात. विसर नवाच पडायला लागला असेल तर आधी डॉक्टर. बी-बारा जीवनसत्त्व कमी असणं, थायरॉईड, नैराश्य यांनीही विसर पडतो आणि त्यावर उपचार आहेत. काय करावं सुचत नसेल तर ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आहे, फोन फुकट लागतो.

जेवणाचा प्रश्न मात्र सुटायला वेळ लागला. "तिन्नावा" विचारून अत्तम्मा थांबत नाहीत, भरवतात. एकदा दूधभात तोंडाला लावला, फर चिकट झाली, आत गेला असता तर यंत्र गेलं असतं. हे मांजर धुता येत नाही; ओल्या फडक्यानं वरवर पुसायचं आणि मऊ ब्रशनं विंचरायचं. आता टोपलीजवळ एक रिकामी स्टीलची वाटी ठेवलेली असते. अत्तम्मा वाटीत डोकावतात, रिकामी दिसली की समाधानानं म्हणतात, "तिन्नादि." खाल्लं त्यानं.

सेल चार लागतात, मधल्या आकाराचे. भिंतीवरच्या घड्याळाचे चालत नाहीत, मोठ्या टॉर्चचेही नाहीत, आणि गल्लीतल्या दुकानात मिळत नाहीत, म्हणून ऑनलाइन दोन जोड आधीच मागवून ठेवते. घुरघुर मंदावायला लागली की त्याच रात्री बदलते. पोटाखालची झाकणी स्क्रूनं बंद असते. अत्तम्मा झोपल्यावर, आतल्या खोलीत, दार लावून.